पडून जळलं की जळत पडलं

वासू,

लाल लुगडं तिन्हीसांजेपर्यंत घरापुढच्या खळ्यातच होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी टोकांवर जांभ्याचे तुकडे ठेवून वहिनीनं ते सकाळीच पसरलं होतं. तूच कळवलं होतंस. टपालाच्या विमानातून गोव्याकडे निघालोय, तिकडे एक विमान जळालंय ते बघायला. रत्नागिरीवरून जाताना वैमानिकाला थोडं खाली घ्यायला सांगतो, खळ्यात काहीतरी लाल दिसू दे, म्हणजे घर ओळखेन आणि हात करीन. नंतर दिवसभर माणसं येत होती, त्या लुगड्याला वळसा घालून आत जात होती, पण ते उचलायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. शेवटी वहिनीनंच ते उचललं, झटकलं, घडी घातली आणि आत नेलं.

मी दुकान बंद करून कॅमेरा घेऊन आलो होतो. बाजारात फोटोचं दुकान टाकलेल्या माणसाला एरवी कुणी कामाशिवाय विचारत नाही, पण तुझ्या घरी मला पहिल्यापासून घावन आणि चहा ठरलेला. "तुमच्या नवऱ्याचा हात काही काचेवर यायचा नाही वहिनी," मी म्हटलं, "फार तर विमानाचं शेपूट येईल." ती म्हणाली, "येऊ दे. वर्षात दोनदा घरी येणाऱ्या माणसाचं शेपूट आलं तरी पुष्कळ झालं." आम्ही हसत होतो रे. मी हे पुन्हा पुन्हा सांगतोय स्वतःला, की आम्ही हसत होतो.

आवाज भगवतीच्या किल्ल्याकडून आला. वहिनी पदर सावरून उभी राहिली, जसा काही तू दारातूनच येणार होतास. विमान समुद्राच्या अंगानं येत होतं, खरंच थोडं खाली. तिनं हात वर केला. मी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं, आणि आवाज थांबला. कमी नाही झाला, थांबला. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा विमान गाव टाकून उत्तरेला, सड्याच्या, त्या उघड्या कातळी माळाच्या बाजूला वळत होतं. ते माडांच्या शेंड्यांमागे गेलं. मग काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. मग थोड्या वेळानं तो मोठा स्फोट, शेजारची कौलं थरथरली इतका. मग धूर. वहिनीचा हात अजून वरच होता, मी तो धरून खाली आणला.

मला हे असंच आठवतं. पण असंच झालं का? तू म्हणायचास, आगीच्या साक्षीदारावर विश्वास ठेवू नये, तो खोटं बोलतो म्हणून नव्हे, तर डोळे धूर पाहतात आणि मग मन तो धूर मागे मागे ओढत नेतं म्हणून. मी तुझी थट्टा करायचो. आता माझंच बघ. दोन दिवस बाजारातली बडबड ऐकल्यावर मलाही वाटायला लागलं की विमान वळत होतं तेव्हाच त्याच्या पोटाखाली काहीतरी काळं होतं. मी स्वतः तिथे उभा होतो, माझे डोळे धड आहेत, पोट भरतं ते डोळ्यांवर, आणि मला सांगता येत नाही. याचा मला फार धक्का बसलाय वासू.

बाजाराचं काय सांगू! मच्छीबाजारातल्या बायकांपासून कोर्टातल्या वकिलांपर्यंत सगळ्या रत्नागिरीनं तुला जळत येताना पाहिलंय. जो त्या दिवशी घरात दार लावून झोपला होता त्यानंही पाहिलंय. एकानं तर तुला खिडकीतून हात बाहेर काढून ओरडताना पाहिलं, आणि ते त्यानं मला सांगितलं, मला! मी त्याच्या अंगावर धावून गेलो, लोकांनी आवरलं म्हणून बरं. पण मी किती जणांच्या अंगावर धावणार? समाचाराला आलेल्या बायकांनी तेच वहिनीच्या पुढ्यात बसून सांगितलं, डोळ्याला पदर लावून, हळहळत. "पेटतंच आलं हो विमान. किती भोगलं असेल बिचाऱ्यांनी."

आणि हे ऐकायला कोण बसली होती, तर जिला तुझ्यामुळे जळत पडणं आणि पडून जळणं यांतला फरक नेमका ठाऊक आहे, ती.

तुला ते पहिलं विमान आठवत असेल. आठवत असेल म्हणजे काय, तू तेच डोक्यात घेऊन जगलास. वरच्या वाडीच्या सड्यावर पडलेलं. तू आणि तुझा तो उंच साहेब, ज्याला तू पाठीमागे ताडमाड म्हणायचास, मुंबईहून आगबोटीनं अपघाताच्या चौकशीला आलात आणि मला फोटो काढायला बरोबर घेतलंत. चढताना सड्याच्या उतारावर काळे चौकोन दिसले, एकापुढे एक. तू मोठ्या ऐटीत म्हणालास, "बघ, जळते तुकडे खाली पडत आलेत, म्हणजे आग हवेतच लागली. काढ फोटो." मी काढला. दुसरा काढला. मग माझ्यानं राहवेना. म्हटलं, "मेल्या, हा राब आहे. फाल्गुनात लोक कवळाच्या डहाळ्या जाळून भाताची जमीन भाजतात हे मुंबईला जाऊन विसरलास?" तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. साहेबाला तू काय सांगितलंस कोण जाणे. पुढे जेव्हा जेव्हा तू फार शहाणपणा करायला लागायचास तेव्हा मी नुसतं "राब" म्हणायचो आणि तू गप्प व्हायचास.

पण वर पोचल्यावर मात्र हसू पळालं. सड्यावर काहीच नव्हतं. करपलेलं गवत, आणि विमानाचा फक्त सांगाडा. बाकीचा एकूण एक तुकडा वाडीतल्या बायकांनी सुपांतून, रोवळ्यांतून गोळा करून ग्रामदेवतेच्या देवळापुढे आणला होता. जमीन शेणानं सारवली होती, तुकडे ओळीनं मांडले होते, वर माडाची झापं घातली होती, आणि त्यांवर झेंडूची फुलं वाहिली होती. आणि मांडण्याआधी प्रत्येक तुकडा पऱ्ह्यावर, खालच्या ओढ्यावर नेऊन स्वच्छ धुतला होता.

"धुतलंत?" तू ओरडलास. "धुतलंत कशाला?"

वाडीचा म्हातारा तानूदा हात जोडून पुढे आला. "मेलेल्या मानसाचा रानात काय ऱ्हावू नये, सायेब. जीव घुटमळतो. आनि तसाच काळाकुट्ट देवाफुडं कसा ठेवायचा?"

मग तू जे बोललास ते मी तोवर तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या म्हाताऱ्याला, त्या बायकांना, सगळ्या वाडीदेखत. त्या काजळीत सगळं होतं, तुम्ही ते पऱ्ह्यात सोडलंत, तुमच्या पुण्याईनं आता कुणालाच काही कळायचं नाही. बायका रडायला लागल्या. त्यांनी परक्या माणसासाठी आपल्या माणसाचं करावं तसं केलं होतं आणि तू त्यांना गुन्हेगारासारखं उभं केलंस. वड्याचं तेल वांग्यावर. मी तुला बाजूला ओढलं तर तू माझा हात झिडकारलास. म्हणालास, "दत्तू, तुला कळत नाही. जळत पडलं की पडून जळलं, एवढंच मला ठरवायचं असतं. पडून जळणाऱ्याला काही कळत नाही रे. जळत पडणाऱ्याला सगळं कळतं."

त्या वेळी वैमानिकाची बायको मुंबईहून आली होती. गावात तिला उतरायला जागा नव्हती, म्हणून वहिनीनं तिला तुमच्याच घरी ठेवून घेतलं. तिनं तुला विचारलं, आणि तू म्हणालास, "माहीत नाही. आता कळणारही नाही." एवढंच. वर मान करून. ती बाई ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. तू उठून गेल्यावर मी तिच्याजवळ गेलो आणि सांगितलं, "बाई, पडून जळलं. त्यांना काही कळलंसुद्धा नाही. आम्ही पाहिलं ना सगळं." ती खाली बसली आणि पहिल्यांदा मोकळी रडली.

तुला ते कळलं तेव्हा मांडवीच्या बंदरावर, पडावात चढायच्या आधी, आपलं भांडण झालं. "तुला माहीत नसताना तू सांगितलंस," तू म्हणालास. "माहीत असतं तर कदाचित सांगितलं नसतं," मी म्हणालो. तू म्हणालास, हे पाप आहे. मी म्हणालो, तुझं ते कोरडं 'माहीत नाही' हे त्याहून मोठं पाप आहे. तू पडावात बसलास आणि मागे बघितलं नाहीस. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. बाकी सगळं बोललो, आंब्याच्या कलमांपासून माझ्या लग्नापर्यंत, पण ते नाही. मी अजूनही म्हणतो की मी बरोबर केलं. ऐकतोयस ना? अजूनही म्हणतो.

पुढच्या रजेत तू आलास तो थेट वहिनीच्या स्वयंपाकघरात शिरलास. पिठाच्या डब्याचं झाकण उचललंस, चिमणी पेटवलीस, आणि आम्हा दोघांना समोर बसवलंस. आधी झाकण दोन्ही हातांनी चुरगाळलंस, मग वहिनीला सांडशीनं ते धुरावर धरायला लावलंस. काळं ठिक्कर झाल्यावर उलगडलंस. घड्यांच्या आत पत्रा लख्ख होता, चुण्या पडलेल्या लुगड्याची आतली बाजू उन्हानं विटत नाही ना, तसा. मग दुसरं झाकण घेतलंस, आधी धुरावर धरलंस, मग चुरगाळलंस, मग उलगडलंस. आत-बाहेर सगळं काळं. "पडून जळलं तर घडी आतून कोरी. जळत पडलं तर घडी आतून काळी. बस्स, एवढंच काजळीत असतं, आणि तेच त्यांनी धुतलं." वहिनी म्हणाली, "माझी दोन झाकणं गेली ती गेलीच. आता तो शास्त्रार्थ पुरे करा आणि पानावर बसा." पण तिनं ती झाकणं टाकली नाहीत. पट्ट्यापट्ट्यांचं ते झाकण अजून चुलीजवळ खुंटीला आहे.

दुसऱ्या दिवशी तू तेच घेऊन वरच्या वाडीत गेलास. मला वाटलं होतं माफी मागायला जातोयस. तू कसली माफी मागतोस! तानूदाच्या अंगणात बसलास, तेच झाकण, तीच चिमणी, आणि सगळ्या वाडीला पुन्हा दटावलंस. पुन्हा विमान पडलं तर आग विझवा, माणसं बाहेर काढा, बाकी काही म्हणजे काही हलवायचं नाही. जो तुकडा जिथे पडेल तिथे राहू दे, शेजारी काठी रोवा आणि राखण करा. मी म्हटलं, "अरे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. पुन्हा त्याच सड्यावर कशाला विमान पडेल?" तू म्हणालास, वरून बघितलं तर या किनाऱ्यावर तेवढा एकच सपाट तुकडा दिसतो, दगडी बांधाचे गडगे दिसत नाहीत. अडचणीतला प्रत्येक वैमानिक तिकडेच वळणार.

वळला रे. तू आत असताना वळला.

मी कसा वर पोचलो ते मला आठवत नाही. चप्पल कुठे गेली ते आठवत नाही. धूर विरत होता. पहिली दिसली ती काठी. मग दुसरी. मग लक्षात आलं की सगळ्या सड्यावर काठ्याच काठ्या आहेत, प्रत्येकीला चिंधी बांधलेली, आणि प्रत्येकीच्या पायाशी काहीतरी पडलेलं: कापडाचा तुकडा, चाक, वाकलेली सळई, टपालाची अर्धी पिशवी. कडेनं वाडीतल्या बायका बसल्या होत्या, गुरं हाकलत. आणि गडग्याच्या पलीकडे पांढऱ्या चादरींखाली दोन माणसं.

तानूदा माझ्याजवळ आला. तो रडत नव्हता, घाबरलेला होता. मला म्हणाला, "हात लावलाव नाय आमी. पानी मारलाव, मानसा भायर काडलाव, बाकी जितल्या तितं हाय. सायबांनी सांगितलानी तसाच ठेवलाव." मग चादरीकडे बघत म्हणाला, "काय शिव्या घातल्यानी त्या टायमाला! म्हनून तर ध्यानात ऱ्हायला."

त्यांना कळलं होतं तू कोण ते. तुझ्याच चादरीवर कुणीतरी झेंडूचं एक फूल ठेवलं होतं, आणि तेवढ्यासाठीही तानूदा त्या बाईला रागावला होता, की चादर घातली ती घातली, पण वर काही ठेवायचं सांगितलेलं नाही.

तुला अग्नी मी दिला. तुझा चुलतभाऊ यायला वेळ होता आणि थांबण्यासारखं काही नव्हतं. जळालेल्या माणसाला पुन्हा अग्नी द्यायचा म्हणजे काय, हे मी कुणाला सांगू शकत नाही. तुलाच सांगतो. माझा हात पुढे जाईना. भटजींनी माझं मनगट धरून पुढे नेलं.

घरी आलो तर वहिनी मधल्या खोलीत बसली होती. गावात पाहुणी आलेली तिची केळशीची मावशी शेजारी होती. वहिनीनं एकच विचारलं. "जळत पडलं का?"

मी सड्यावर पाहिलं होतं सगळं. गडग्याला पंखाचं टोक आपटून तुटलं होतं, ते आगीपासून पुष्कळ लांब पडलं होतं आणि त्याच्या कापडाला साधा डागही नव्हता. हवेत आग लागली असती तर ते तसं राहिलं नसतं, एवढं तुझ्या संगतीत मला कळायला लागलंय. म्हणून मी म्हटलं, "नाही वहिनी. पडून जळलं. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दया आल्यासारखं बघितलं. "भाऊजी," ती म्हणाली, "त्या बाईला तुम्ही हेच सांगितलंत. अगदी याच शब्दांत. मी दाराआड होते."

वासू, मी तिच्यासमोर बसलो. मी शपथ घेतली. तुझी घेतली, देवाची घेतली. शपथांनी तर तिचा विश्वास आणखीनच उडाला. मी खरं बोलत होतो आणि माझ्याजवळ ते खरं आहे हे दाखवायला काही नव्हतं. डॉक्टर बोलले, मानेचं हाड मोडलं होतं, आदळताक्षणी गेले. तेही तिनं नुसती मान हलवून ऐकलं. विधवेला सगळेच डॉक्टर हेच सांगतात, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सकाळी ती उठली आणि म्हणाली, "मला सड्यावर न्या." मावशीनं कपाळावर हात मारला. "अगो, सुतकात? आणि त्या जागेवर? बायका जातात का गो कधी तिकडे?" वहिनी म्हणाली, "नवऱ्याच्या कामाची जागा आहे मावशी. त्यांनी मला शिकवलंय काय बघायचं ते." आणि पायांत काही न घालता निघाली. मी मागून गेलो.

वर पोचल्यावर ती काठ्यांमधून चालत राहिली. कुठेही वाकली नाही, कशाला शिवली नाही. इंजिनावरचं पत्र्याचं झाकण गडग्याजवळ पडलं होतं, कागदाच्या बोळ्यासारखं चुरगाळलेलं, वरून काळं. ती त्याच्यापुढे थांबली. बसली. हात पुढे केला.

"वयनी, हात नको." तानूदा मध्ये आला. "सायेब येवस्तवर कुनी हात लावायचा नाय. त्येंनीच सांगितलानी हाय."

मी संतापलो. म्हटलं, "तानूदा, त्यांची बायको आहे ती! ज्यानं सांगितलं त्याची बायको!" तो हलला नाही. हात जोडून उभा राहिला, पण हलला नाही. आणि वहिनीनं हात मागे घेतला. "बरोबर आहे त्यांचं," ती मला म्हणाली. "हे हलवलं तर तेच मला रागावले असते." मग ती त्या बायकांच्या रांगेत जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. बायकांनी तिला पाणी दिलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा एकीनं आपलं इरलं तिच्या डोक्यावर धरलं. त्या रांगेतल्या बऱ्याच जणी तुझ्या त्या दिवशीच्या शिव्या खाऊन रडलेल्या, मला चेहरे आठवत होते.

ताडमाड साहेब आगबोटीनं आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी चढून वर पोचला. तोवर ती पुन्हा येऊन बसली होती. साहेबानं काठ्या बघितल्या आणि टोपी काढली. मी एकेका काठीचे फोटो काढले, तुला आवडले असते इतके नीट. मग मी त्याला वहिनीचं सांगितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, हत्यारांच्या पिशवीतून चिमटा बाहेर काढला आणि तिला जवळ बोलावलं.

पत्रा उलगडताना करकरला. दोन दिवसांपूर्वी मी शपथेवर सांगितलं होतं खरं, पण घडीच्या आत मीही पाहिलं नव्हतं, आणि बाजार माझ्या डोळ्यांत शिरलेला होता. मी मनात तयार होतो. काळं निघालं तर काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं.

घडी उघडली. आत पत्रा लख्ख होता. साहेबानं दुसरी उघडली. तीही कोरी. एका घडीत तर निळा रंग होता, दुकानातून आत्ता आणल्यासारखा. वहिनीनं साहेबाकडे बघितलं, त्यानं मान हलवली, तेव्हा तिनं बोट आत घातलं, घासलं, आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. स्वच्छ होतं. मग तानूदापुढे धरलं. मग त्या बायकांपुढे, एकेकीला दाखवत गेली, लहान मुलीनं हातावर काढलेली मेंदी दाखवावी तसं. आणि मग ती रडली. त्या बायका सगळ्या एकदम उठल्या आणि तिला धरून बसल्या.

तू त्या दिवशी त्यांच्यावर ओरडला नसतास, तर या वेळीही त्यांनी सगळं धुऊन, सारवून, फुलं वाहून ठेवलं असतं, आणि ती जन्मभर तुला जळत येताना ऐकत राहिली असती. मी तेव्हा तुझ्यावर फार चिडलो होतो. तुझी पद्धत वाईटच होती वासू, ते मी मागे घेत नाही. पण तुझे उपकार झाले. हे तुझ्या तोंडावर मी कधी बोललो नसतो.

उतरताना वहिनी पुढे होती. करवंदीच्या जाळीपाशी ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "भाऊजी, काळं निघालं असतं, तर मला खरं सांगितलं असतंत?"

"हो," मी म्हटलं.

ती वळली. डोळे सुजलेले, पाय फुटलेले, तोंडावर सड्याची धूळ. आणि ती हसली रे. "खोटारडे," म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.

ती हसली, हे तुला सांगायचं होतं.

तुझा,
दत्तू